चकतीविना संगणक आणि मोठ्या फाइली
(हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या संगणककक्षात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



इंदुरातील वयोवृद्ध मराठी भाषकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या याच कक्षात संपादित करण्याचा शाळेचा संकल्प आहे. येथील संगणकांत हार्ड डिस्क नाही. ते सर्व्हरकडून फ्रीबीएसडी ही कार्यप्रणाली घेतात आणि मूळ फाइल-व्यवस्था केवळ वाचनापुरती जोडतात. मग लिहायचे कोठे? मेमरी डिस्कवर, म्हणजे स्मृतीत उभारलेल्या भासमान चकतीवर.

‘मॅलॉक’ प्रकारची मेमरी डिस्क कर्नलच्या स्मृतीतून घडते आणि तेथून हलत नाही. ती मोठी करून भरू लागलो, तर सबंध यंत्रणा कोसळू शकते. ‘स्वॅप’ प्रकारात रॅमवर ताण येताच तिचा काही भाग स्वॅपच्या जागेत हलवता येतो. शिवाय जागा आधी राखून ठेवण्यास सांगितले नसेल, तर लेखन होईल तसतशीच ती व्यापली जाते. त्यामुळे ‘दोन जीबी मोकळे’ हा पडद्यावरचा आकडा निव्वळ वायदा असतो.

वायदा पुरा कोणी करायचा? नावात स्वॅप आहे म्हणून स्वॅप असतोच असे नाही. चकती नसलेल्या यंत्राला तो बहुधा सर्व्हरवरील फाइलच्या रूपाने, एनएफएसमार्फत द्यावा लागतो. दिला नाही, तर सारा भार रॅमवर. दिला, तर जाळ्याच्या तारेवर.

थोडा हिशेब करू. सीडीच्या दर्जाचे स्टिरिओ मुद्रण सेकंदाला १,७६,४०० बाइट घेते, तासाला सुमारे ६३५ एमबी. १०० मेगाबिटच्या तारेतून ते जाण्यास, सारे सुरळीत असतानाही, जवळजवळ ५१ सेकंद लागतात. वीस यंत्रांनी सर्व्हरच्या एकाच तारेवर एकदम गर्दी केली, तर सतरा मिनिटे! तेवढा वेळ मुलांनी गोठलेल्या पडद्याकडे पाहत बसायचे. मोठी फाइल तारेवरून जाणारच असेल, तर ती सरळ फाइल म्हणून सर्व्हरवरील आपापल्या संग्रहात एकदाच जावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. संपादनातील मधले, पुन्हा करता येण्याजोगे तुकडे तेवढे मेमरी डिस्कवर राहोत.

कारण वीज गेली की मेमरी डिस्क संपते. तिचा काही भाग सर्व्हरच्या स्वॅपमध्ये पडून असला, तरी त्यातून फाइल परत जुळवता येईल या भरवशावर राहू नये. नव्वदीतल्या आजींना तीच आठवण त्याच शब्दांत पुन्हा सांगा, असे कसे म्हणणार? म्हणून मुद्रण थांबताच मूळ फाइल सर्व्हरवर जाईल अशी व्यवस्था पहिल्या मुलाखतीपूर्वीच करून घ्यावी, अशी शिक्षकांना माझी विनंती आहे.