चित्रकलेचा तास कुठल्या माध्यमाचा?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

कलबुर्गीत नाटक बघायचं तर लोक डॉ. एस. एम. पंडित रंगमंदिरात जातात. ज्यांच्या नावाचं हे नाट्यगृह, ते पंडित १९१६ साली याच गावात जन्मले. तेव्हा गावाचं नाव गुलबर्गा होतं आणि राज्य निजामाचं. मुंबईत दंडवतीमठांच्या नूतन कलामंदिरात आणि पुढे जे. जे. स्कूलमध्ये ते शिकले. ‘फिल्मइंडिया’ मासिकाची मुखपृष्ठं, सिनेमाची पोस्टरं आणि कॅलेंडरं यांतून त्यांचा हात घराघरांतल्या भिंतींवर पोचला. आता याच शहरातल्या एखाद्या सरकारी शाळेत, सहावी-सातवीच्या वर्गात डोकावावं. भिंतीवरच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास लिहिलेला असतो. फळ्यावर मात्र बहुधा अपूर्णांक असतात.

मुख्याध्यापकांना यासाठी दोष देणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. २०२५च्या दहावीच्या निकालात कलबुर्गी जिल्हा कर्नाटक राज्यात तळाला होता, ४२.४३ टक्क्यांवर. असा निकाल लागला की बंगळूरहून पत्रं येतात, बैठका लागतात आणि जादा वर्ग सुरू होतात. हे जादा वर्ग आकाशातून पडत नाहीत. कुठला तरी तास कापूनच ते होतात, आणि ज्या तासाची परीक्षा नाही त्याच्यावर पहिली कुऱ्हाड पडते. चित्रकला गेली, मग गाणं गेलं, मग खेळ. कल्याण कर्नाटकातल्या सरकारी शाळांत दहावीचं भूत आता सहावीतच येऊन बसतं.

गंमत अशी की पहिली ते तिसरीत याच राज्यात ‘नली-कली’ आहे. १९९५च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली. गाणी, चित्रकार्डं, गोष्टी, खेळ यांतून मूल अक्षर आणि आकडा शिकतं. तिसरी संपली की हे सगळं गुंडाळून कपाटात जातं. अकरा-बारा वर्षांचं मूल, ज्याला नेमकं याच वयात स्वतःचं काहीतरी म्हणायचं असतं, त्याच्या हातात गाइड पडतं. पुढे वर्षातून एकदा ‘प्रतिभा कारंजी’ येते. रांगोळी, मातीकाम, लोकनृत्य, पाठांतर, अगदी कव्वालीसुद्धा. स्पर्धा केंद्रापासून राज्यापर्यंत चढत जाते. ती चांगलीच आहे. पण स्पर्धेला वर्गातली चार-पाच मुलं जातात, आणि ती बहुतेक तीच असतात जी घरूनच शिकून आलेली असतात. बाकीची टाळ्या वाजवतात.

कायदा काय म्हणतो ते पाहिलं तर अडचण आणखी स्पष्ट होते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक द्यावेत असं लिहिलं आहे. पण अट आहे: पट शंभराच्या वर हवा. ज्या शहरात सगळी मुलं एकाच भाषेत शिकतात तिथे शंभराची अट फारशी जाचत नाही. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या बिदरच्या जुन्या शहरात मात्र एकाच वस्तीतली मुलं कन्नड, उर्दू आणि मराठी शाळांत वाटली जातात, शिवाय फी परवडली की इंग्रजी. भालकी, बसवकल्याण, औराद या गावांतही थोड्याफार फरकाने हेच. गल्लीत मुलं भरपूर असली तरी वरच्या वर्गांचा पट शंभरी गाठेलच याची खात्री नाही. मग तीन शाळांत मिळून कलेचा एकही शिक्षक नाही, आणि तिन्ही शाळा कायद्याने बिनचूक!

या व्याख्यानाचा सगळा भार याच जागी आहे. गणिताला माध्यम लागतं, इतिहासाला तर फारच लागतं. चित्राला, मातीला, ढोलकीला लागत नाही. तीन माध्यमांची मुलं एका वर्गात बसू शकतील असा शाळेतला तास बहुधा हाच. एका क्लस्टरमधल्या तीन शाळांनी मिळून एक निदेशक मागितला, आठवड्याचे दिवस वाटून घेतले, महिन्यातून एखाद्या शनिवारी मुलं एका आवारात आणली, तर तिघांचा मिळून पट शंभरावर जाऊ शकतो आणि सीमाभागातल्या मुलांना एरवी न मिळणारी ओळखही होते. या मुलांची घरं एकमेकांना लागून आहेत. शाळाच काय त्या वेगळ्या.

आणि शिकवायचं काय, हा प्रश्न बिदरमध्ये तरी पडू नये. चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत बिद्रीचं काम चालतं. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतीव भांडं तयार होतं. प्रमाण साधारण सोळास एक. साचा बारीक मातीचा, त्यात राळ आणि एरंडेल. भांडं कानशीने घासून गुळगुळीत केलं की त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो आणि टोकदार लोखंडाने ओढलेली रेघ पांढरी उठून दिसते. नक्षी बहुतेक वेळा नुसत्या हाताने काढतात, खाली छापाचा कागद नाही. मग बारीक छिन्नीने खोबण कोरायची, तीत चांदीची तार हलक्या हातोडीने ठोकून बसवायची, पुन्हा घासायचं. शेवटी नवसागर आणि किल्ल्यातल्या जुन्या बांधकामाची माती पाण्यात उकळून ते भांड्याला लावतात. जस्त काळं कुळकुळीत होतं, चांदीला काही होत नाही. माती योग्य आहे की नाही हे जुने कारागीर जिभेवर चिमूटभर ठेवून ठरवतात. २००६मध्ये बिद्रीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. त्या गल्लीजवळच्या शाळेत मूलद्रव्यांचा धडा मात्र अजून पुस्तकातूनच वाचला जातो.

हा धडा कारागिराला समोर बसवून शिकवता येतो. सोळास एक हे गुणोत्तर आहे, जस्त काळं पडणं ही रासायनिक क्रिया आहे, वेलबुट्टीची नक्षी म्हणजे सममिती. मुलांच्या हातात छिन्नी देण्याची घाई नको, रसायनं तर नकोतच. काळा पुठ्ठा आणि चॉकलेटच्या वेष्टनातला चंदेरी कागद पुरतो. कारागिराला मात्र सत्कार, शाल आणि नारळ देऊन परत पाठवू नये. तासाचं मानधन द्यावं, बाकी निदेशकांना मिळतं तसं.

बिदर शहराच्या मधोमध बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा उभा आहे, १४७२चा. औरंगजेबाच्या काळात तिथे साठवलेल्या दारूच्या स्फोटात दर्शनी भागाचा मोठा तुकडा आणि दोनपैकी एक मिनार गेला. उरलेल्या भिंतीवर इराणी धर्तीच्या रंगीत फरशांचे तुकडे आजही दिसतात. सातवीच्या मुलांना वही-पेन्सिल देऊन समोर बसवावं आणि सांगावं: जो भाग उरला आहे तो बघा, आणि जो गेला तो काढा. सममितीचा याहून चांगला पाठ कुठलं पाठ्यपुस्तक देणार? जाता जाता इतिहासही होतो, आणि फरशा इथवर कशा आल्या असतील या प्रश्नातून भूगोलही. कलबुर्गीकरांना चित्तापूर तालुक्यातलं कनगनहळ्ळी आहे. तिथे सम्राट अशोकाची, त्याचं नाव कोरलेली शिल्पप्रतिमा सापडली. मातीत शिल्पपट करायला मुलांना याहून मोठा नमुना नको.

कलेने गुण वाढतात का, असं पालक विचारतातच. उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात ४२ शाळांमध्ये, तिसरी ते आठवीच्या १०,५४८ विद्यार्थ्यांवर एक मोठा प्रयोग झाला. कुठल्या शाळांना कलेचे जादा उपक्रम मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. बोवेन आणि किसिडा या संशोधकांनी २०१९मध्ये निष्कर्ष मांडले: शिस्तभंग करणाऱ्या मुलांचं प्रमाण ३.६ टक्केबिंदूंनी घटलं, लेखनातले गुण वाढले, दुसऱ्याबद्दलची कणव वाढली. गणित-विज्ञानाच्या गुणांत ठळक फरक पडला नाही. म्हणजे कलेचा तास दिला म्हणून गणित सुधारेल असं आश्वासन देऊ नये. पण लिहिता येणं आणि वर्गात टिकणं या दोन गोष्टी कलबुर्गीच्या निकालात कमी महत्त्वाच्या नाहीत.

सीमेपलीकडे, उदगीर-लातूरला मुलं चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देतात आणि त्यांना दहावीत जास्तीचे गुण मिळतात. इकडच्या मराठी पालकांना त्याचा हेवा वाटतो. तो थोडा आवरावा. गुणांच्या आमिषाने चित्रकला शाळेत टिकते हे खरं, पण पेला, गाडगं आणि दोन केळी यांच्या पलीकडे ती फारशी जातही नाही. सेवाग्रामला कलाशिक्षक देवीप्रसादांनी गांधीजींच्या नई तालीमच्या मुलांबरोबर जे काम केलं त्याला परीक्षा नव्हती.

एक गोष्ट अवघड आहे, ती टाळून चालणार नाही. जानेवारी २०२०मध्ये बिदरच्या एका शाळेत चौथी ते सहावीच्या मुलांनी नागरिकत्व सुधारणा कायद्यावर नाटक केलं. राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिका आणि एका मुलीची आई तुरुंगात गेल्या, पोलिसांनी लहान मुलांची चौकशी केली. जून २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठाने गुन्हा रद्द केला. मुलांच्या अभ्यासाला पूरक विषय घ्यावेत, असंही सुचवलं. त्या नाटकाबद्दल मतं काहीही असोत. शाळांनी त्यातून नाटकच नको असा धडा घेतला, तर ते मुलांचं नुकसान. कलबुर्गीत ‘रंगायण’ ही नाट्यसंस्था आहे. नाटक शिकवणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.

या सभागृहात सरकारी शाळेतल्या मुलांचे पालक आहेत, काहीजण एसडीएमसीचे, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीचे, सदस्यही असतील. शाळा उघडल्या की पहिल्या बैठकीत एकच विचारा: वेळापत्रकात लिहिलेला चित्रकलेचा तास कोण घेतं? उत्तर आलं नाही, तर शेजारच्या उर्दू आणि कन्नड शाळांच्या सदस्यांना गाठा आणि तिघांच्या सहीने एका कलाशिक्षकाची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.