घरांतील समुद्र आणि त्यावरील शेवाळ



वर्धा जिल्ह्यांतील सेलू हें माझें गांव. येथून समुद्र शेंकडों किलोमीटर दूर आहे. आमच्या पंचक्रोशींत पाणी म्हणजे बोर नदी, बोर धरणाचा कालवा आणि शेतांतील विहिरी. अशा ठिकाणीं राहणाऱ्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकानें खाऱ्या पाण्यांतील माशांविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. माझें शिक्षणही मॅट्रिकपर्यंतचेंच. तेव्हां शास्त्रज्ञाचा अधिकार मी सांगत नाहीं. परंतु ज्याच्या हातून चूक घडली व ज्यानें ती सुधारली, त्याला त्या चुकीपुरतें बोलण्याचा अधिकार असतो, अशी माझी समजूत आहे.

लहानपणीं शाळेच्या सहलीबरोबर मी मुंबईस गेलों होतों. तेथें तारापोरवाला मत्स्यालय पाहिलें. सन १९५१ मध्यें उघडलेलें तें मत्स्यालय अगदीं समुद्राच्या काठीं असल्यामुळें त्याला लागणारें खारें पाणी समुद्रांतूनच घेतां येई. कांचेपलीकडे फिरणारे ते रंगीत मासे मी पुढें कित्येक वर्षें वर्गांतल्या मुलांना वर्णन करून सांगत असें. गेल्या वर्षीं तेंच वर्णन माझ्या चौथींतल्या नातीनें ऐकलें, आणि "आबाजी, आपल्या घरींही असाच समुद्र करूं," असा हट्ट धरला. निवृत्त माणसाला वेळेची वाण नसते. मींही होकार दिला.

समुद्रापासून दूर राहून समुद्राचे जीव पाळण्याची हौस नवी नाहीं. सन १८४६ मध्यें ॲना थिन नांवाच्या बाईनें इंग्लंडच्या किनाऱ्यावरील प्रवाळ लंडनला आपल्या घरीं आणून जगविले. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत बसे. पुढें सन १८५४ च्या सुमारास फिलिप गॉस यानें निरनिराळे क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृति प्रसिद्ध केली. आज तसें तयार मिश्रण बाजारांत मिळतें. एका लिटरास सुमारे ३५ ग्रॅम, असें त्याचें प्रमाण. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि अनेक द्रव्यें असतात; म्हणून स्वयंपाकघरांतील मीठ तेथें चालत नाहीं. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरसारख्याच एका यंत्रानें पाण्याची घनता मोजतात, ती १.०२५ च्या आसपास असावी.

आमचें भांडें तीन फूट लांब व सव्वा फूट रुंद. त्यांत सुमारे १२० लिटर पाणी. विहिरीचें पाणी भरलें, सव्वाचार किलो मिश्रण विरघळविलें, तळाशीं वाळू व मध्यें सच्छिद्र दगड मांडले. दुसऱ्या दिवशीं पाणी स्फटिकासारखें निवळलें. मला वाटलें, काम झालें! चौथ्या दिवशीं नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले तीन क्लाउन मासे आणून सोडले. नात दिवसांतून चार वेळां त्यांना खाऊ टाकी, आणि मी कौतुकानें पाहत बसें. सहाव्या दिवशीं पाणी ताकासारखें पांढुरकें झालें. नवव्या दिवशीं मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकूं लागले. बाराव्या दिवसापर्यंत तिघेही गेले.

"मासे काऊन मेले, आबाजी? मी त रोज खाऊ टाकत होती." तिच्या या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. चाळीस वर्षें मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्याचा पगार घेतलेल्या माणसाला ही गोष्ट फार लागली. मी पुस्तकें मागविलीं, नागपूरच्या एका जाणत्या गृहस्थांची गांठ घेतली, आणि मग कारण कळलें. तें असें.

माशांची विष्ठा व उरलेलें अन्न कुजलें कीं अमोनिया उत्पन्न होतो. तो माशांना विष आहे, आणि खाऱ्या पाण्याच्या अल्कधर्मी स्वभावामुळें त्याचें विषारीपण अधिकच वाढतें. निसर्गांत याचा बंदोबस्त सूक्ष्मजंतु करतात. एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट करतो, तेंही विषारीच. दुसरा वर्ग नायट्राइटचें नायट्रेट करतो. तें पुष्कळ सौम्य असतें. हे जंतु रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यानें सन १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळ्या भाषेंत ठाऊकच आहे. कच्चें शेण पिकाच्या मुळाशीं घातलें तर पीक करपतें. तेंच उकिरड्यांत कुजून मुरलें कीं सोनें होतें. माझें नवें भांडें म्हणजे जंतूंवांचूनचें शेत होतें, आणि त्यांत मीं कच्चें शेण ओतीत होतों. पाणी पांढुरकें झालें तें दुसऱ्याच जंतूंच्या बेसुमार वाढीमुळें. उरलेल्या अन्नावर ते पोसले, आणि पाण्यांतील प्राणवायुही त्यांनींच खाल्ला.

दुसऱ्या खेपेस मीं मासे आणलेच नाहींत. वरील गृहस्थांच्या जुन्या भांड्यांतील मूठभर खडे आणून आमच्या वाळूंत मिसळले. दुधाला विरजण लावावें तसा हा प्रकार. जंतूंना खाद्य म्हणून कोळंबीचा लहानसा तुकडा टाकला आणि परीक्षेचीं द्रव्यें आणून दर दोन दिवसांनीं पाणी तपासूं लागलों. पहिल्या आठवड्यांत अमोनिया चढला. तिसऱ्यांत तो उतरून नायट्राइट चढलें. सहाव्याच्या अखेरीस दोन्हीं शून्यावर आलीं. हे सर्व आंकडे नातीनें आपल्या वहींत लिहून ठेवले आहेत.

परंतु याच अवधींत दुसरें संकट उभें राहिलें. प्रथम वाळूवर व कांचेवर तपकिरी धूळ बसली. ती पुसावी, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां हजर! मग दगडांवर हिरवे केस उगवले. शेवटीं तांबडा-जांभळा, बुळबुळीत पापुद्रा सर्वत्र पसरला. सकाळीं तो विरळ असे, दुपारीं दिव्याखालीं दाट होई व त्यावर बुडबुडे धरत. घरांतील मंडळी म्हणूं लागली कीं, हें गटार झालें, फेंकून द्या. एका दुकानांतून मीं शेवाळ मारण्याचें औषधही आणून ठेवलें.

औषध टाकण्यापूर्वीं, सुदैवानें, मी थांबलों. तपकिरी धूळ म्हणजे डायाटम नांवाच्या सूक्ष्म वनस्पति. त्यांचें कवच सिलिकाचें असतें. पाण्यांतील सिलिका सरली कीं त्या बहुधा आपोआप ओसरतात. हिरवे केस हें खरें शेवाळ; तें नायट्रेट व फॉस्फेट यांवर वाढतें. तांबडा पापुद्रा मात्र शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया नांवाचे जंतु आहेत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या हवेंत प्राणवायु भरला तो याच कुळाच्या जीवांनीं. असा पुराणपुरुष एका पुडीनें कायमचा निघून जाईल, ही कल्पनाच भाबडी. जंतुनाशक औषधानें तो कांहीं दिवस दबतो खरा. पण सहा आठवडे खपून जमविलेले उपकारक जंतुही त्याबरोबर दगावण्याचें भय असतें. मेलेला पापुद्रा कुजून पुन्हां अमोनिया होतो, आणि आपण जेथून निघालों तेथेंच येतों. तांब्याचीं औषधें तर शंख-गोगलगायींचा प्राणच घेतात.

तेव्हां प्रश्न असा विचारावयाचा कीं, याला खाऊ कोण घालतें? उत्तर शोधतां शोधतां मी आमच्या विहिरीशीं पोंचलों. आमची भूमि काळ्या बेसाल्ट खडकाची. त्यांतून झिरपणाऱ्या पाण्यांत सिलिका असते. शिवाय कापूस, तूर, सोयाबीन यांच्या शेतांत घातलेल्या खताचा अंश खालीं उतरतो. भूजलांत नायट्रेट अधिक आढळलेल्या जिल्ह्यांत केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानें वर्ध्याचेंही नांव घेतलें आहे. मीं विहिरीचें पाणी तपासलें, तों मिश्रण घालण्यापूर्वींच त्यांत नायट्रेट भरपूर! जें बाहेर काढावयाचें, तेंच मी बादल्या भरभरून आंत ओतीत होतों.

यानंतर मीं जें केलें तें थोडक्यांत सांगतों; नव्यानें हा छंद करणाऱ्यांस तें उपयोगी पडेल. पाणी नेहमीं आर.ओ. यंत्रांतून गाळलेलें घ्यावें. उन्हाळ्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि भांड्यांतील पाणी भराभर उडतें. परंतु मीठ उडत नाहीं, म्हणून उणीव गोड्या गाळीव पाण्यानेंच भरावी. दिवा सात-आठ तासांपलीकडे लावूं नये, आणि खिडकीचें ऊन भांड्यावर येऊं देऊं नये. पापुद्रा बोटांनीं न चोळतां नळीनें ओढून बाहेर काढावा. आठवड्यास सुमारें दहावा हिस्सा पाणी बदलावें. पाण्याला प्रवाह ठेवावा, कारण साचलेल्या कोपऱ्यांतच पापुद्रा प्रथम धरतो. शेवाळ खाणाऱ्या दोन-चार गोगलगायी ठेवाव्या. मात्र अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरच. काढलेलें खारें पाणी झाडांच्या आळ्यांत वा विहिरीजवळ ओतूं नये. तें जमीन नासवितें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे खाऊ एक चिमूट, दोन मिनिटांत संपेल इतकाच.

हें सर्व करूनही पापुद्रा लगेच गेला नाहीं. तीन आठवडे कांहींच फरक दिसेना. चौथ्यांत तो विरळ झाला, सातव्यांत दिसेनासा झाला. हिरवे केस अजून एका दगडावर आहेत. ते गोगलगायींच्या वांट्याचे म्हणून आम्हीं राहूं दिले आहेत. ज्या भांड्यांत शेवाळ मुळींच नाहीं असें भांडें जिवंत समुद्राचें नव्हे, हेंही मी आतां समजून आहें.

आणखी एक सूचना. शोभेसाठीं समुद्रांतील प्रवाळ कोणी देऊं केले तर घेऊं नयेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याखालीं आपल्या समुद्रांतील प्रवाळांना संरक्षण आहे. ते काढणें व विकणें गुन्हा आहे. मासेही समुद्रांतून पकडलेले न घेतां पैदास केलेले घ्यावे. सन १९४७ मध्यें स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें क्लाउन माशांची पैदास करण्याची रीत आपल्या देशांत बसविली आहे. त्यामुळें तसे मासे मिळूं शकतात.

आम्हीं तसे दोनच मासे आणले. ते आणण्यापूर्वीं नातीनें मला लागोपाठ चार वेळां पाणी तपासावयास लाविलें, आणि चारही वेळां शून्य आल्यावरच परवानगी दिली. त्या दिवशीं शिक्षक ती होती, विद्यार्थी मी. आज त्या माशांना आमच्याकडे पांच महिने झाले आहेत. शेवाळ मारण्याच्या औषधाची ती पुडी न उघडतां तशीच कपाटांत आहे; पहिले तीन मासे माझ्या घाईनें गेले, याची आठवण म्हणून मीं ती ठेवली आहे. भांड्याच्या कडेला नातीनें आपल्या अक्षरांत एक चिठ्ठी चिकटविली आहे: "आबाजी, एकच चिमूट." आपल्यापैकीं कोणी घरांत समुद्र आणणार असेल, तर त्यांनींही प्रथम ही चिठ्ठी लिहावी, भांडें मागाहून भरावें, आणि मासे सर्वांच्या शेवटीं आणावे, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.