प्लास्टिकची पिशवी व आपलें कर्तव्य
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं वक्त्यानें गतकाळाचा गौरव करावा, संस्थापकांचे उपकार स्मरावे आणि मंडळींचें शुभ चिंतून खालीं बसावें, असा शिरस्ता आहे. तो शिरस्ता आज ह्या व्यासपीठावरून आमच्यापेक्षां अधिक योग्य वक्त्यांनीं उत्तम प्रकारें पाळला आहे. आमच्या वांट्यास आलेला विषय मात्र दिसण्यांत अगदीं क्षुल्लक आहे. भाजीवाल्याकडून फुकट मिळणारी आणि घरीं पोंचतांच टाकून दिली जाणारी प्लास्टिकची पिशवी, हा तो विषय होय. परंतु क्षुल्लक वस्तूच जेव्हां लाखों हातांतून रोज फिरते, तेव्हां तिचा हिशेब क्षुल्लक राहत नाहीं. म्हणून आपण थोडा वेळ आमच्या बोलण्याकडे लक्ष द्यावें, अशी विनंति आहे.

प्रथम ह्या वस्तूचा इतिहास थोडक्यांत पाहूं. पॉलिथीन हा पदार्थ इंग्लंडांत १९३३ सालीं, दुसराच एक प्रयोग चालू असतां, रसायनशास्त्रज्ञांच्या हातीं लागला. त्यापासून दोन कानांची एकसंध पिशवी करण्याची युक्ति स्वीडनमधील स्टेन गुस्टाफ थुलिन ह्या अभियंत्यानें काढली व १९६५ सालीं तिचें पेटंट मिळालें. ही पिशवी हलकी, स्वस्त, न गळणारी आणि आपल्या वजनाच्या कित्येक पट भार सोसणारी. इतके गुण एका वस्तूंत क्वचितच एकत्र येतात. तिला नांवें ठेवण्यापूर्वीं तिचे हे गुण मान्य केले पाहिजेत. कारण लोकांनीं तिला जवळ केलें तें मूर्खपणानें नव्हे, सोयीनें केलें. दोष आहे तो वेगळाच. जी वस्तु वीस मिनिटें वापरावयाची, ती न कुजणाऱ्या पदार्थाची केली, हा तो दोष. उन्हानें तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. परंतु पानाप्रमाणें कुजून तिची माती होत नाहीं.

ही पिशवी नव्हती तेव्हां आपला संसार अडला होता काय? ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांनीं आठवून पाहावें. वाणी डाळ-साखर कागदाच्या पुडींत बांधून वर दोरा गुंडाळीत असे. तेलास बरणी व दुधास किटली घरून न्यावी लागे. फुलें पानांत बांधून मिळत. दिवाळें, सारसोळें, करावें, घणसोली ह्या आपल्या गांवांतील कोळी व आगरी भगिनी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरत, आणि घरची बाई हातांत भांडें घेऊनच उंबऱ्यावर येई. बाजारास निघालेला मनुष्य पिशवीशिवाय निघत नसे. ही कांहीं मोठी तपश्चर्या नव्हती. ती निव्वळ संवय होती. मध्यंतरीं ती मोडली. जी मोडली ती पुन्हां जोडतां येते, एवढाच आमच्या बोलण्याचा मथितार्थ आहे.

आतां आपल्या शहराकडे वळूं. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली आणि खाडीकांठच्या ह्या भूमीवर नवी मुंबई उभी राहूं लागली. भूमि सखल असल्यामुळें पावसाच्या पाण्यासाठीं येथें धारणतलाव बांधले गेले. भरतीच्या वेळीं खाडीचें पाणी आंत येऊं नये म्हणून त्यांस दारें आहेत. ओहोटी लागली कीं सांठलेलें पाणी बाहेर सोडावयाचें, अशी ही योजना. परंतु पाणी तलावापर्यंत पोंचतें तें गटारांतून व नाल्यांतून. नाल्याच्या जाळीवर पिशव्यांचा थर बसला, तर तलाव रिकामा आणि रस्ता तुडुंब, असा विपरीत प्रकार घडतो. २६ जुलै २००५ चा दिवस आपण विसरलां नसाल. त्या एका दिवसांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या महापुराचें खापर एकट्या पिशवीवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. पाऊसच अभूतपूर्व होता आणि नद्यानाल्यांचे मार्गहि आक्रसले होते. तथापि तुंबलेल्या गटारांतून त्या वेळीं जें निघालें, त्यामुळें सरकारचे डोळे उघडले हें खरें.

गटारांतून सुटलेली पिशवी जाते ती ठाण्याच्या खाडींत. तेथें चिखलांत तिवरांचीं झाडें आहेत. चिखलांत मुळांस हवा मिळत नाहीं, म्हणून तिवर आपलीं मुळें खुंट्यांप्रमाणें वर काढून त्यांच्या द्वारें श्वास घेतो. ओहोटीबरोबर मागें राहिलेली पिशवी ह्या खुंट्यांवर चादरीसारखी पसरते व त्यांचा श्वास कोंडते. ह्याच तिवरांच्या आश्रयानें चिंबोरी, निवटी व कोळंबी वाढतात आणि त्यांवर आपल्या कोळी बांधवांचीं घरें चालतात. जाळें ओढावें आणि त्यांत मासळीबरोबर पिशव्याहि निघाव्या, हें त्यांच्या नित्याच्या अनुभवाचें झालें आहे. ह्याच खाडीचा ऐरोली व वाशी पुलांमधील भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, व २०२२ सालीं त्यास रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. परदेशांतील लोक ज्या जागेस मान देतात, तिच्या दारांत आपण आपला कचरा लोटावा, हें शोभतें काय?

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. महापुरानंतर महाराष्ट्रांत ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांस मनाई झाली. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे मायक्रॉन. ही जाडीची अट कशासाठीं, असें पुष्कळ विचारतात. पातळ पिशवी इतकी हलकी असते कीं कचरा वेंचणाऱ्या बाईनें दिवसभर गोळा केली तरी वजनांत कांहीं भरत नाहीं. म्हणून ती कोणी उचलीत नाहीं. जाड पिशवी भंगारांत विकतां येते आणि दुकानदारासहि ती फुकट देणें परवडत नाहीं. पुढें २३ मार्च २०१८ रोजीं राज्य सरकारनें प्लास्टिकच्या सर्व हातपिशव्या व थर्माकोलच्या थाळ्या-पेले ह्यांवर बंदी घातली आणि त्याच वर्षीं २३ जूनपासून ती अंमलांत आणली. पहिल्या अपराधास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० रुपये, तिसऱ्यास २५,००० रुपये व तीन महिन्यांची कैद, अशी शिक्षा ठरली. केंद्र सरकारनेंहि पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली, व १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, पेले, नळ्या इत्यादि एकदांच वापरण्याच्या वस्तु देशभर बंद केल्या.

इतके कायदे असतां पिशवी बाजारांत दिसते कशी? ह्याचें उत्तर कटु आहे, परंतु तें दिलें पाहिजे. ती दिसते, कारण आपण ती मागतों. कायदा विक्रेत्याप्रमाणें ग्राहकासहि लागू आहे. परंतु तपासणीदार आला म्हणजे तो उभा राहतो भाजीवालीच्या टोपलीपाशीं, कारण तिचें दुकान उघड्यावर असतें. ती बिचारी पिशवी कां ठेवते? न ठेवली तर रिकाम्या हातानें आलेलें गिऱ्हाईक शेजारच्या टोपलीकडे जाईल, ह्या धास्तीनें. दिवसाच्या कमाईवर पोट असलेल्या बाईनें आपल्या आळसाचा दंड भरावा, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. पिशवीच्या प्रश्नांत आम्हांस जर कांहीं सर्वांत अधिक टोंचत असेल, तर तें हेंच.

परदेशांतील दोन उदाहरणें येथें बोधप्रद होतील. बांगलादेशानें २००२ सालीं पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घातली. असें करणारा तो जगांतील पहिला देश. तेथेंहि कारण महापुराचेंच होतें. परंतु स्वस्त पर्याय लोकांच्या हातीं न आल्यामुळें पिशवी पुन्हां बाजारांत शिरली. त्याच वर्षीं आयर्लंडनें दुसरा मार्ग धरला. त्यानें पिशवी बंद केली नाहीं. प्रत्येक पिशवीवर १५ सेंटचा कर बसविला, आणि तो दुकानदारानें न सोसतां ग्राहकाकडूनच घ्यावा असें ठरविलें. पिशव्यांचा खप नव्वद टक्क्यांहून अधिक उतरला. रक्कम मोठी नव्हती. परंतु दर वेळीं खिशांत हात घालावा लागल्यानें मनुष्य घरून निघतांना पिशवी आठवूं लागला. तात्पर्य, जी वस्तु फुकट मिळते तिची गणति कोणी ठेवीत नाहीं.

आतां पर्यायाविषयीं. येथें उत्साहाच्या भरांत एक गोष्ट विसरली जाते. कापडी पिशवी करण्यासहि कापूस, पाणी व श्रम लागतात. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनें २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, हवामानावरील परिणामापुरतें पाहिलें तर सुती पिशवी १३१ वेळां वापरावी, तेव्हां ती एकदां वापरून टाकलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीस येते. म्हणजे समारंभांत वांटलेल्या कापडी पिशव्या जर कपाटांत पडून राहिल्या, तर तो पुण्यसंचय नव्हे, नुसती उधळपट्टी. नवी पिशवी विकत घेण्यापेक्षां जुन्या लुगड्याची, साडीची किंवा चादरीची शिवावी. त्यासाठीं नवा कापूस पिकवावा लागत नाहीं. तसेंच, कापडासारखी दिसणारी जी रंगीत, खरखरीत पिशवी दुकानांतून मिळते, ती पुष्कळदां कापड नसून प्लास्टिकच्याच तंतूंची असते. २०१८ च्या आदेशांत तिचाहि स्पष्ट समावेश होता, हें ध्यानांत ठेवावें.

कोणी म्हणतील, ओली मासळी कापडांत कशी आणावी? कापडांत आणूंच नये. झांकणाचा डबा न्यावा. कोणी म्हणतील, दूध तर पिशवींतूनच येतें. खरें, तिला कायद्यानेंहि सूट आहे. ती कापतांना कोपऱ्याचा तुकडा अलग न करतां कापावी, धुवून वाळवावी व भंगारवाल्यास द्यावी. कोणी विचारतील, ओला कचरा कशांत टाकावा? जुन्या वर्तमानपत्राचा कागद घातलेल्या डब्यांत. खरकटें प्लास्टिकच्या पिशवींत गांठ मारून टाकलें, तर त्याचें खतहि होत नाहीं आणि ती पिशवीहि विकली जात नाहीं. शिवाय अन्नाच्या वासानें गाय ती पिशवीसकट गिळते व तिच्या पोटांत गोळा बसतो. पिशवी जाळूं तर कदापि नये. तिचा धूर आपल्याच मुलांच्या छातींत जातो.

श्रद्धावंतांस ह्या विषयाचें वावडें असण्याचें कारण नाहीं. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालीं काढलेल्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकांत, प्लास्टिक टाळणें व कचरा वेगळा करणें अशा लहान नित्यकृत्यांचा नांवानिशीं उल्लेख करून त्यांस सृष्टीवरील प्रेमाचीं कृत्यें मानलें आहे. आणि शुभवर्तमानांत पांच भाकरींनीं हजारों लोक तृप्त झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्याची आज्ञा झाली व बारा टोपल्या भरल्या, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. जेथें विपुलता होती, तेथेंहि कांहीं वायां जाऊं दिलें नाहीं.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षांत आपण चार गोष्टी कराव्या, असें आम्ही सुचवितों.

पहिली, प्रत्येक घराच्या दाराशीं, किल्ली टांगतों त्याच खुंटीवर, एक कापडी पिशवी टांगावी. रविवारच्या मिस्सेनंतर आपल्यापैकीं पुष्कळजण परस्पर बाजारास जातात. त्यांनीं ती प्रार्थनापुस्तकाबरोबर घेऊन निघावें.

दुसरी, भगिनीमंडळानें जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवाव्या; मात्र त्या फुकट वांटूं नयेत. शिवणावळीइतकी किंमत घ्यावी आणि ती शिवणाऱ्या गरजू भगिनीस द्यावी. कांहीं पिशव्या जवळच्या भाजीवालीकडे व मासळीवालीकडे अनामत रकमेवर ठेवाव्या. विसरलेल्या गिऱ्हाइकानें दहा रुपये ठेवून पिशवी न्यावी, परत आणून दिली कीं पैसे परत. ह्यानें गिऱ्हाईकहि जाणार नाहीं व दंडाची धास्तीहि राहणार नाहीं. परंतु हें ठरविण्यापूर्वीं त्या विक्रेत्या भगिनींस विचारावें. त्यांच्या अडचणी त्यांच्याइतक्या आपणांस ठाऊक नाहींत.

तिसरी, सणाच्या व लग्नाच्या पंक्तींत धातूचीं ताटें व पेले वापरावे. भांडीं घांसण्याचे श्रम होतील; ते तरुणांनीं वांटून घ्यावे. पंगतींत वाढणें व उष्टीं काढणें ह्यांत कमीपणा नाहीं.

चौथी, २ नोव्हेंबरास आपण मृतांच्या स्मरणार्थ दफनभूमींत जातों. फुलें व मेणबत्त्या नेतों आणि त्यांच्या पिशव्या कबरींमध्यें ठेवून परततों. फुलें दोन दिवसांत मातीस मिळतात. पिशवी तेथेंच राहते. ह्यापुढें फुलें टोपलींत न्यावीं व टोपली परत आणावी. पूर्वजांच्या उशाशीं आपला कचरा नसावा, ह्याविषयीं तरी दुमत होणार नाहीं.

ह्या गोष्टींचा हिशेब ठेवावा. संकल्प सोडणें सोपें असतें, मोजणें कठीण. प्रत्येक कुटुंबानें महिन्याकांठीं घरांत आलेल्या पिशव्या एका डब्यांत जमवून मोजाव्या व पुढच्या महिन्याच्या आंकड्याशीं ताडून पाहाव्या. मुलांकडे हें काम दिलें तर तीं तें आपल्यापेक्षां काटेकोर करतील, आणि वडिलांनीं चूक केल्यास सांगावयासहि भिणार नाहींत.

बंधुभगिनींनो, पुढील महोत्सव साजरा होईल तेव्हां आजचीं बालकें ह्या जागीं बसलेलीं असतील. त्यांस आपण बांधलेलें मंदिर मिळेल, आपलीं गीतें व प्रार्थना मिळतील. खाडीहि मिळेल. ती कोणत्या स्थितींत मिळावी, हें मोठमोठ्या सभांपेक्षां आपल्या हातांतील पिशवीच अधिक ठरविणार आहे.