चिमूटभर पांढरी भुकटी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या लोणारच्या काळ्या पाषाणात टिटॅनियम धातूचा थोडा अंश असतो. प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे टिटॅनियम डायऑक्साइड बनते. शुद्ध केले की ती शुभ्र भुकटी. भिंतीच्या रंगात ती असते, तशी तोंडाला लावायच्या पावडरीतही असते.

खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर दुधात लवकर विरघळते. वस्तू तीच, पण कण बारीक झाले की पृष्ठभाग वाढतो. नॅनोकण तर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान! उन्हातील अतिनील किरण पडले, की त्यांच्या पृष्ठभागावरची घाण विघटित होऊ लागते.

हा पृष्ठभाग पारखायचा कसा? प्रकाशाने. पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा भाग रंग बदलून येतो, हे डॉ. रामन यांनी १९२८ साली दाखवले. त्यावरून कणाची घडण कळते. कणाला पाणी चिकटले आहे की आणखी काही, हे अवरक्त किरण सांगतात.

नाव एकच असले तरी गुण कणाच्या आकारावर व पृष्ठभागावरही ठरतात. युरोपीय संघाने २०२२ साली ही भुकटी खाद्यपदार्थांत घालण्यास बंदी केली. तेव्हा भगिनींनो, डब्यावरचे घटक वाचत चला, आणि तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ पावडर उडवू नका.