मुदत संपल्यानंतरचे सरकार

(भोंगवली, ता. भोर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समाजवादी माणूस सरकारकडे पुष्कळ मागतो. शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी, हाताला काम, हे सारे सरकारने पाहावे असे आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे. सरकारने कमीत कमी करावे हे तत्त्वज्ञान ज्यांना पैसे मोजून सर्व काही मिळते त्यांना परवडते. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी गावांना नाही. परंतु ज्याच्या हाती आपण इतके सोपवतो त्याला वेसण हवी, हे मग आपणच सर्वांआधी म्हटले पाहिजे.

ही वेसण म्हणजे निवडणूक. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २४३-ई सांगते की पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार होता. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी हाच प्रशासक, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. म्हणजे प्रस्ताव मांडणारा, तो मंजूर करणारा आणि राबवणारा माणूस एकच! अधिकारी सज्जन की दुर्जन हा प्रश्नच नाही. (सज्जन असेल तर धोका अधिक, लोकांना सवय लागते.) सभागृहात उभे राहून जाब विचारणारा कोणी उरला नाही, नागरिकाच्या हाती उरला तो केवळ अर्ज.

इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे कारण खरे आहे, पुरेसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी कसोटी सांगितली मार्च २०२१ मध्ये. बांठिया आयोगाचा अहवाल आला जुलै २०२२ मध्ये. दरम्यान मुंबईतले सत्ताधारी बदलले, प्रशासकराज मात्र बदलले नाही. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला. तीही मुदत पाळली गेली नाही.

१९७६ साली आणीबाणीत लोकसभेने स्वतःचीच मुदत वाढवून घेतली, तेव्हा तुरुंगात असलेल्या मधु लिमये आणि शरद यादव यांनी सदस्यत्वाचे राजीनामे दिले. लोकांनी पाच वर्षांसाठी दिलेली सनद सहाव्या वर्षी चालत नाही, असा त्याचा अर्थ. त्या वेळी प्रतिनिधी मुदतीबाहेर बसून राहिले. या वेळी प्रतिनिधी गेले आणि खुर्ची खात्याने घेतली. दोन्ही वेळी मतदार दाराबाहेरच.

डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्यात गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब होते. महाराष्ट्राने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू करून जिल्ह्याचा खांब उभारला. तो रिकामा ठेवून त्याचा भार आपल्या अधिकाऱ्यावर घेण्याचा अधिकार राज्य सरकारला नाही. सरकारची मर्यादा म्हणतात ती येथे आहे, शाळा किती चालवाव्यात या हिशेबात नव्हे.

म्हणून ग्रामसभेत ठराव मांडा: प्रशासकाच्या काळात आपल्या गणात कोणत्या कामांवर किती निधी खर्च झाला, कोणाच्या सहीने, ती यादी गावात वाचून दाखवावी. कायद्यातही दुरुस्ती हवी: मुदत संपून सहा महिन्यांत निवडणूक झाली नाही, तर प्रशासकाने नव्या कामाला मंजुरी देण्यापूर्वी त्या गावच्या ग्रामसभेची संमती घेतली पाहिजे. काही सरपंचांनाही हे गैरसोयीचे वाटेल. ठराव तरीही मांडा, आणि मतांची नोंद इतिवृत्तात करून घ्या.