निवृत्तांच्या आठवणींतलें गांव

पेन्शन सुरू झालें कीं मनुष्याला गांव आठवूं लागतें. नोकरीच्या तीस-पस्तीस वर्षांत ज्याला घड्याळावांचून दुसरें कांहीं दिसलें नाहीं, त्याला अकस्मात् चुलीचा धूर, पहिल्या पावसाचा वास आणि आजीच्या हातची भाकरी यांची ओढ लागते. ही ओढ खोटी नव्हे. परंतु ती जें सांगते तें सगळेंच खरें असतें, असें मात्र नाहीं. या गोष्टीचा विचार करावयास पनवेलशेजारच्या करंजाडे गांवाइतकी सोयीची जागा क्वचितच सांपडेल.

गाढी नदी आणि पनवेलची खाडी यांच्या सान्निध्यांतलें हें गांव. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली. नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांची जमीन घेण्याचें ठरलें, आणि काळांतरानें करंजाड्याच्या शिवारांतहि उंच इमारती उभ्या राहिल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं ज्याचें उद्घाटन झालें त्या विमानतळासाठीं दहा गांवें उठलीं. त्यांतील कित्येक कुटुंबें वडघर-करंजाडे भागांतच वसलीं आहेत. अशा वस्तींत सायंकाळीं एकाच बांकावर दोन तऱ्हेचे निवृत्त गृहस्थ बसतात. एक मुंबईच्या चाळींतून येथें फ्लॅट घेऊन आलेला. त्याचें मूळ गांव रत्नागिरीकडे किंवा घाटावर. दुसरा या मातींतलाच. तरुणपणीं शेती आणि पुढें नोकरी करून आतां नातवंडांत रमलेला. दोघेहि गांवाविषयींच बोलतात. पण दोघांचीं गांवें निराळीं असतात.

पहिल्याचें गांव सुटीचें. मे महिन्यांतले आंबे, गणपतींतल्या आरत्या, विहिरींतल्या उड्या. त्याच्या आठवणींत पाऊस असतो, पण चिखल नसतो. भात असतें, पण लावणी नसते. दुसऱ्याचें गांव कामाचें. उन्हाळ्यांत पालापाचोळा अंथरून राब भाजावा, आषाढांत वांकून वांकून लावणी करावी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडणी, आणि शेत रिकामें झालें कीं उरल्या ओलीवर वाल पेरावे. खाडीलगतच्या खाऱ्या जमिनींत रीत वेगळी. तेथें पावसानें मीठ धुतलें जाईपर्यंत थांबावयाचें आणि मग मोड आणलेलें बीं चिखलांत फेंकावयाचें. याला रहू म्हणत.

या खारजमिनीचें सर्व दैव एका मातीच्या बांधावर अवलंबून असे. बांधांत उघाडी बसविलेली. ओहोटीला तिच्यांतून पावसाचें पाणी बाहेर जाई आणि भरतीच्या दाबानें तिचें झांकण आपोआप मिटे. चिंबोऱ्या आणि उंदीर बांध पोखरीत. उधाणाच्या रात्रीं एखाद्या बिळावाटे पाणी शिरे आणि बांधाला खांड पडे. खांड एकाच्या शेतासमोर पडली तरी खारें पाणी सर्वांच्या शेतांत पसरे, आणि पुढें कांहीं पावसाळे पीक हातीं येत नसे. म्हणून हांक आली कीं बोलणें टाकलेला शेजारीहि फावडें घेऊन धांवे. ही एकी समुद्रानें लादलेली होती. बांधांचा प्रश्न एवढा मोठा होता कीं मुंबई सरकारनें १९४८ सालीं खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदाच केला.

या जीवनाला हळव्या आठवणींत न बसणारी बाजूहि आहे. कुळानें पिकविलेलें भात खंडापोटीं खोताच्या कोठारांत जाई. याच जिल्ह्यांत चरी येथें १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं संप पुकारला. तो वर्षानुवर्षें चालला आणि जमिनी पडीक ठेवून लोकांनीं हाल सोसले. कुळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन आला आणि कसणारा मालक झाला. तेरा वर्षांतच संपादनाची वार्ता आली. १६ व १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनांत जासई परिसरांत गोळीबार होऊन पांच शेतकरी मृत्युमुखीं पडले. पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आजच्या कित्येक इमारती अशा भूखंडांवर उभ्या आहेत. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यास तें ठाऊक असतेंच असें नाहीं.

आणि स्त्रियांचें काय? लग्नांत धवलारीण धवले गाई, हें सर्वांना आठवतें. पण पहांटे उखळावर भात कांडणें, दिवसभर लावणी आणि तिन्हीसांजेला पुन्हां चूल, हें ज्यांनीं केलें त्यांना ‘जुने दिवस परत यावे’ असें सहसा वाटत नाहीं. घरांत नळ आला याचें समाधान त्यांना आहे. तें खोडून काढण्याचा अधिकार सुटींत गांव पाहणाऱ्याला नाहीं.

तर मग जुनें तें सारें टाकून द्यावें काय? तसेंहि नाहीं. नव्या वस्तींत सुखसोयी आल्या, परंतु शेजाऱ्याची खांड ती आपलीहि खांड, ही जाणीव आपोआप येत नाहीं. भरतीचें भय गेलें कीं ती मुद्दाम जोपासावी लागते. शिवाय रहू, खांड, उघाडी हे शब्द वापरणारीं माणसें आतां सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत. सात-बाराच्या उताऱ्यावर गट क्रमांक राहतो. शेताला लोकांनीं दिलेलें नांव तोंडींच असतें आणि बोलणाऱ्याबरोबर जातें.

येथें बांकावरचे ते दोघे एकमेकांच्या उपयोगीं पडूं शकतील. एकापाशीं लिहिण्याची संवय आणि सवड आहे. दुसऱ्यापाशीं हातांनीं मिळविलेलें ज्ञान. पहिल्यानें आपल्या आंब्यांच्या गोष्टी थोड्या आंवराव्या आणि वही घेऊन विचारावें: अण्णा, बांध कोठून कोठें जाई? उघाडी कोण सांभाळी? कोणत्या शेताला काय म्हणत? खंड किती द्यावा लागे, आणि तो दिल्यावर घरांत काय उरे? उत्तर गोड असो वा कडू, जसें येईल तसें उतरून घ्यावें. आणि घरांतल्या वृद्ध स्त्रीलाहि तेच प्रश्न वेगळे विचारावे, कारण तिचीं उत्तरें बहुधा वेगळीं येतील.