ग्रंथविक्रेत्याचा उंबरा

(सोलापूर येथे वाचकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आवडत्या ग्रंथांविषयी बोलणारे वक्ते आपण पुष्कळ ऐकले असतील. मला आज आवडत्या ग्रंथदालनांविषयी बोलण्याची आज्ञा झाली आहे. परगावी मुक्कामाची सोय लागली की माझी पहिली चौकशी असते, "येथे पुस्तकांचे दुकान कोठे आहे?" ही खोड मला तरुणपणी मुंबईत जडली.

फोर्टमधील 'स्ट्रँड बुक स्टॉल' हे माझे तेथील तीर्थक्षेत्र. टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये स्ट्रँड चित्रपटगृहातील छोट्याशा जागेत हा व्यवसाय आरंभिला आणि पुढे तो फोर्टमध्ये आणला. छापील किमतीत सवलत आणि पुस्तक मनसोक्त चाळण्याची मुभा, ही त्यांची रीत. 2003 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रंथविक्रेत्याच्या वाट्याला असा सन्मान क्वचितच येतो. तरीही 2018 च्या फेब्रुवारीत ते दुकान बंद झाले. वार्ता ऐकून मी हळहळलो. मग स्वतःलाच विचारले, गेल्या पाच वर्षांत तेथून किती पुस्तके घेतलीस? उत्तर होते, एकही नाही.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला जाण्याचा योग आला. ब्रिटिश म्युझियमसमोरील ग्रेट रसेल स्ट्रीटवर 1903 मध्ये स्थापन झालेले आर्थर प्रॉब्स्टाइन यांचे पौर्वात्य ग्रंथांचे दुकान आहे. तेथे जुने ग्रंथ पाहताना 'तिलोयपण्णत्ती' या प्राचीन प्राकृत ग्रंथाचा एक खंड हाती आला. मुखपृष्ठ उलटले आणि प्रकाशनस्थळ वाचून थबकलो. सोलापूर! ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या जीवराज जैन ग्रंथमालेचा तो ग्रंथ. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन या विद्वानांनी तो संपादिला. पहिला भाग 1943 मध्ये निघाला. सोलापूरचे नाव चादरींनी दूरवर नेले, हे मी अभिमानाने सांगत आलो होतो. ते नाव ग्रंथांनीही नेले, हे कळण्यासाठी मला सातासमुद्रापलीकडे जावे लागले. त्या क्षणी अभिमानाहून संकोचच अधिक वाटला.

लंडनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होतेच. 1917 मध्ये ते मायदेशी परतत असताना, त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीर लागून बुडाली आणि कष्टाने जमविलेले ग्रंथ सागरार्पण झाले. बाबासाहेबांनी पुन्हा संग्रह उभारला आणि दादरला 'राजगृह' बांधताना ग्रंथांसाठी जागेची विशेष योजना केली.

आता आपल्या नव्या पेठेकडे वळू. जून महिन्यात तेथील दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. पाठ्यपुस्तके, वह्या, मार्गदर्शके यांच्या विक्रीवर दुकानाचे वर्ष निघते. कथा, चरित्रे, इतिहास ही पुस्तके मागच्या फळीवर असतात. एका विक्रेत्याने मला सांगितले, "सर, ही फळी मी हौसेपोटी ठेवली आहे. लोक येतात, पुस्तक चाळतात, मोबाइलवर मुखपृष्ठाचे छायाचित्र घेतात आणि घरी जाऊन स्वस्तात मागवतात." मी मान खाली घातली, कारण तसे मीही केले होते.

न विकलेले पुस्तक म्हणजे फळीवर अडकलेले भांडवल. प्रकाशकाकडून मिळणाऱ्या सवलतीतूनच जागेचे भाडे, नोकरांचा पगार आणि वीज भागवायची असते. आपण वाचविलेले चाळीस-पन्नास रुपये त्याच्या लेखी त्या पुस्तकावरचा सारा नफा असू शकतो. आणि ही फळी एकदा रिकामी झाली की घरी कन्नड वा तेलुगू बोलणारा आपल्या गावचा विद्यार्थी सहज हाताला लागलेले पहिले मराठी पुस्तक कोठे चाळणार? मागविण्यासाठी पुस्तकाचे नाव आधी ठाऊक असावे लागते. दुकानात मात्र अनोळखी पुस्तकही भेटते.

म्हणून एवढीच विनंती करतो. महिन्यातून एकदा मुला-नातवंडांना घेऊन आपल्या गावच्या दुकानात जावे आणि एक पुस्तक पूर्ण मोल देऊन घ्यावे. हवे ते नसेल तर विक्रेत्याला मागवायला सांगावे आणि आठवडाभर थांबावे. स्ट्रँडच्या बाबतीत माझ्याकडून जी चूक झाली, ती सोलापुरात पुन्हा होऊ नये. बंद दुकानासमोर हळहळण्यापेक्षा उघड्या दुकानाचा उंबरा ओलांडणे केव्हाही श्रेयस्कर.